गावच्या बागांना कच्चं पाणी: योजनेचा पैसा कुठून आणि कसा उभा करायचा

छोट्या शहरातली नगरपंचायतीची बाग घ्या. तिथलं पाणी धरणातून कित्येक किलोमीटर पाइपातून आलेलं असतं. त्यात तुरटी पडलेली असते, वाळूच्या थरातून ते गाळलेलं असतं, क्लोरीन मारून उंच टाकीत चढवलेलं असतं. मग माळी रबरी नळी हिरवळीवर सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. टंचाई आली की पहिला व्हॉल्व्ह बंद होतो तोही याच बागेचा, आणि ते योग्यच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा हिरवळीचं नाव कोण काढणार होतं? पण तीन वर्षं जगवलेली झाडं एका मे महिन्यात जळाली की तो पैसाही नगरपंचायतीचाच गेलेला असतो.

यावरचा उपाय जुना आहे. बागेला वेगळं पाणी द्यायचं, शुद्ध न केलेलं, म्हणजे कच्चं. विहिरीचं, बारवेचं, कॅनॉलचं, बंधाऱ्याचं किंवा जलशुद्धीकरण केंद्रातून नाल्यात सोडलं जाणारं. नव्याने निवडून आलेले नगरसेवक, पहिल्यांदाच नगरपंचायतीत रुजू झालेले अभियंते आणि ‘आमच्या बागेचं काहीतरी करा’ म्हणत मुख्याधिकाऱ्यांच्या दारात उभे राहणारे नागरिक, या तिघांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं गणित तिच्यावर उभं आहे. अशी योजना बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. पंप, पाइप, टाकी यांच्यासाठी बरीच दारं उघडी असतात. वीजबिलासाठी जवळजवळ एकही नसतं. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. वर्षाला चालवायला किती लागतील आणि ते कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, येतील हे आधी ठरवा, आणि त्या आकड्याला झेपेल एवढीच योजना आखा. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. मोठं अंदाजपत्रक, मोठं उद्घाटन आणि दोन वर्षांनी गंजलेला स्टार्टर.

पहिली पायरी: बागेला पाणी किती लागतं ते मोजा

‘भरपूर लागतं’ हे उत्तर नव्हे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की बाकी साधा गुणाकार उरतो. महाराष्ट्राच्या पठारी भागात हिरवळीला थंडीत दिवसाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर आणि एप्रिल-मेमध्ये ६ ते ८ मिलिमीटर लागतात. सरासरी ५ धरली तर एक एकर हिरवळ रोज सुमारे २०,००० लिटर पिते. दरडोई १३५ लिटरच्या नागरी निकषाने हे दीडशे माणसांचं पाणी झालं. सभेत हा एकच आकडा सांगा, पुढचं भाषण करावं लागत नाही.

लेखभर वापरायला एक काल्पनिक शहर घेऊ. लोकसंख्या वीस हजार, बागा तीन. हिरवळ ४,००० चौरस मीटर, तिला ५ लिटरने २०,००० लिटर. झुडपं आणि कुंपणाची रोपं आणखी ४,००० चौरस मीटरवर, त्यांना निम्म्याने १०,०००. रस्त्याकडेची ३०० लहान झाडं, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे ६,०००. एकूण ३६,०००. गळती आणि उडणारं पाणी धरून ४२,००० लिटर रोज. मे महिन्यासाठी यंत्रणेची ताकद ५०,००० लिटरची धरा. पावसाळा आणि ओले दिवस वगळले तर वर्षात साधारण २४० दिवस पाणी द्यावं लागेल.

आकडा मोठा वाटला तर आधी हिरवळ कमी करा. कमी पाण्यावर जगणारी देशी झाडं आणि झुडपं वाढवली तर योजनेचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. त्यासाठी कोणाकडे निधी मागायला जावं लागत नाही, फक्त ‘लॉन पाहिजेच’ या हट्टाशी थोडं भांडावं लागतं.

दुसरी पायरी: पाणी कुठलं, यावर पैसा कुठला ते ठरतं

नवख्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. बाग तीच, पाइप तोच, पण पाण्याचा उद्भव बदलला की प्रस्ताव दुसऱ्याच योजनेत बसतो. म्हणून उद्भव निवडताना नुसतं अंतर बघू नका, मागे कोणतं लेखाशीर्ष उभं राहील तेही बघा.

जुनी विहीर किंवा बारव हा बहुधा सर्वांत स्वस्त पर्याय. नळ आल्यावर कचरा टाकायला वापरात आलेली एखादी तरी विहीर प्रत्येक गावात असते. गाळ काढला, कठडा बांधला, वर जाळी बसवली की ती पुन्हा कामाला येते आणि प्रस्ताव ‘जलस्रोतांचं पुनरुज्जीवन’ या नावाने जातो. हे नाव राज्यातही चालतं, केंद्रातही चालतं. बारव जुनी असेल तर ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर परवानगीशिवाय दगडही हलवता येणार नाही.

विहिरीच्या भरवशावर योजना आखण्यापूर्वी उपसा चाचणी करा आणि ती मे महिन्यातच करा. ऑक्टोबरात कुठलीही विहीर दिलदार असते. ठरावीक तास पंप चालवायचा, पातळी किती उतरली ते मोजायचं, मग भरून यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. त्यांचा अहवाल जोडला की प्रस्तावाचं वजन वाढतं. नवी विहीर किंवा बोअर घ्यायचं म्हटलं तर महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ आडवा येतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यावर बंधन आहे. जुन्या विहिरीला प्राधान्य देण्याचं हे आणखी एक कारण.

दुसरा उद्भव जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारातच असतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. वाळूचे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतात ते पाणी आणि तळाच्या गाळाबरोबर सोडलेलं पाणी मिळून एकूण पाण्याच्या तीनेक टक्के भरतं. रोज ३० लाख लिटरचं केंद्र असेल तर हे ९०,००० लिटर झाले. आपल्या उदाहरणातल्या तिन्ही बागांच्या गरजेच्या दुप्पट पाणी रोज नाल्यात जातंय. एका टाकीत ते दिवसभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी बागेला द्यायचं. यात कॅनॉलची परवानगी नको, भूजलाची नको, आणि प्रस्तावावर ‘पाण्याचा पुनर्वापर’ असं खरेपणाने लिहिता येतं. केंद्र बागेपासून फार लांब नसेल तर माझी पहिली पसंती यालाच. तुरटीचा गाळ मात्र साठतो. तो काढून टाकण्याची सोय अंदाजपत्रकात धरा.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी हाही पुनर्वापरच, पण छोट्या शहरात बहुतेक वेळा केंद्रच नसतं, आणि असलं तरी ते रोज नीट चालतं का याची खात्री करावी लागते. मोठ्या शहरांना आता पर्याय उरलेला नाही. मार्च २०२४ च्या टंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेला आणि गाड्या धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला.

कॅनॉल, नदी किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं तर जलसंपदा विभागाचा रस्ता. कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज, पाणी वापराची मंजुरी, करारनामा आणि मीटर. दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं; शेती, घरगुती आणि औद्योगिक असे वेगळे वर्ग आहेत. बागेचं पाणी कोणत्या वर्गात मोजणार हे करारात लिहून घ्या, कारण औद्योगिक दर घरगुतीपेक्षा कितीतरी चढा असतो. मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचललं तर वाढीव दराने आकारणी होते. शिवाय कॅनॉल बारमाही वाहत नाही, आवर्तन सुटतं तेव्हाच पाणी. मधल्या दिवसांसाठी साठवण बांधावी लागते आणि तिथे खर्च उसळतो.

उद्भव कोणताही असो, पाण्याची तपासणी करून घ्या. क्षार किती हे मुख्य. विरघळलेले क्षार लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आत असतील तर चिंता नाही, २,००० च्या वर गेले तर बहुतेक बागांची जमीन काही वर्षांत बिघडते. जिल्हा प्रयोगशाळेचा हा कागद पुढे प्रस्तावालाही लागतो.

तिसरी पायरी: चालवण्याचा खर्च कागदावर मांडा

इथे घाई करू नका. आपल्या काल्पनिक शहरात विहीर बागांपासून ८०० मीटरवर आहे आणि पाणी चढवण्याची एकूण उंची ३५ मीटर धरली आहे. तासाला साडेबारा हजार लिटर उपसायला, पंपसेटची एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरून, साधारण २.४ किलोवॉट लागतात. बाजारातला ५ एचपीचा पंप पुरून उरतो. ४२,००० लिटरला साडेतीन तास, म्हणजे रोज आठेक युनिट. २४० दिवसांत सुमारे १,९२० युनिट. दर समजा ८ रुपये धरला तर वर्षाचं बिल पंधरा-सोळा हजार, वर स्थिर आकार.

विजेचा बाऊ करतात तेवढी वीज लागत नाही, हे इथे दिसतं. खरा खर्च माणसाचा. पंप चालू-बंद करायला अर्धवेळ माणूस महिना १०,००० रुपयांनी ठेवला तर वर्षाला १,२०,००० झाले. बांधकाम १८ लाखांचं धरलं आणि दुरुस्तीला त्याच्या ३ टक्के, तर ५४,०००. तपासणी आणि किरकोळ मिळून १०,०००. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग त्या एका माणसाचा.

आता बचत बघू. वर्षाला १ कोटी लिटर शुद्ध पाणी वाचतं. ते तयार करून टाकीत चढवायला हजार लिटरला समजा १५ रुपये लागत असतील तर दीड लाख वाचले. म्हणजे दीड लाख वाचवायला दोन लाख खर्च! हा हिशोब विरोधी नगरसेवकाने सभेत मांडण्याआधी तुम्ही घरी मांडलेला बरा.

गणित जुळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, वेगळा माणूस नेमूच नका. माळी आधीच पगारावर आहे. ऑटो स्टार्टर, टायमर आणि पाण्याची पातळी उतरली की पंप बंद करणारं यंत्र बसवा आणि त्यालाच शिकवा. खर्च लाखाच्या आत येतो. दुसरा, उन्हाळ्यात सध्या टँकर लावता का ते तपासा. ४२,००० लिटर म्हणजे दहा हजारी चार टँकरहून जास्त. टँकर ८०० रुपये धरला तर दिवसाला सव्वातीन हजारांवर आणि चार महिन्यांत चार लाखांच्या घरात. टँकर थांबले की योजना नफ्यात. आपल्या गावातली खरी देयकं लेखा विभागातून काढा, माझे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत. तिसरा मार्ग कच्च्या पाण्याचा टँकर-पॉइंट. बांधकामाला, रस्त्यावर मारायला, गाड्या धुवायला पाणी लागतंच. पाच हजार लिटरला १५० रुपये धरून दिवसाला पाच टँकर विकले तर २०० दिवसांत दीड लाख येतात. पण त्यासाठी रोज २५,००० लिटर जास्त लागतील, ते विहिरीत आहेत का हे त्या मे महिन्याच्या चाचणीला विचारा.

वीज जोडणी मागताना सार्वजनिक पाणीपुरवठ्याची वर्गवारी मागा आणि कोणती मिळाली ते पहिल्या बिलावर बघा. व्यापारी वर्गवारी लागली तर वरचा हिशोब कोसळतो.

चौथी पायरी: बांधकामाचा पैसा कुठे कुठे आहे

सगळ्यांत आधी स्वतःचं घर. नगरपंचायतीचा सर्वसाधारण निधी लहान असतो, पण वृक्ष उपकर नावाचं एक डबकं बहुतेकांच्या लक्षात नसतं. शहरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी राज्याने १९७५ मध्ये कायदा केला. त्याखाली घरपट्टीबरोबर हा उपकर गोळा होतो आणि तो झाडं लावण्या-जगवण्यासाठीच वापरायचा असतो. अनेक ठिकाणी तो बँकेत पडून असतो किंवा दरवर्षी फक्त रोपं आणि जाळ्या विकत घेण्यात जातो. झाडांना पाणी देणं हे झाडं जगवणंच आहे. रस्त्याकडेच्या झाडांचा ठिबक यातून करा आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, त्या भागाची दरवर्षीची देखभालही यातूनच ठेवता येईल का ते लेखापालांशी बसून ठरवा.

वित्त आयोगाचा निधी हा दुसरा. १५ व्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात दहा लाखांपेक्षा लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा होता. त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याचं संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, फक्त पगार आणि आस्थापनेवर चालणार नाही. उद्भवाचं महत्त्व इथे कळतं. फिल्टर धुतलेलं पाणी बागेला वापरणार असाल तर ते पुनर्वापरात सरळ बसतं. विहिरीचं पाणी बागेला देणार असाल तर ते पिण्याचंही नाही आणि पुनर्वापरही नाही, मग अबंधित भागाकडे जावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा अनुदानाची विभागणी नव्या परिपत्रकाप्रमाणे बघा. जुन्या फाइलवरून नक्कल मारू नका. शिल्लक राहिलेला जुना निधी मात्र जुन्याच अटींनी खर्च करायचा असतो.

अमृत २.० ही केंद्राची मोहीम १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. पहिली अमृत ५०० शहरांपुरती होती. दुसरीत सगळी वैधानिक शहरं आली, म्हणजे तुमची नगरपंचायतही. पाणीपुरवठ्याबरोबर जलस्रोतांचं पुनरुज्जीवन आणि उद्यानं हे घटक तिच्यात आहेत, आणि एक लाखाच्या आतल्या शहरांना केंद्राचा वाटा प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत. हप्ते २०, ४० आणि ४० टक्के असे येतात. मधला हप्ता उशिरा आला तर ठेकेदार काम थांबवतो, हे गृहीत धरून स्वतःचा हिस्सा आधी बाजूला काढून ठेवा. मोहीम २०२५-२६ पर्यंतची आखलेली असल्याने नवा प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी विभागीय कार्यालयात एक फोन करा.

छोट्या शहराला खरा हात देतो तो जिल्हा. जिल्हा नियोजन समिती, अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. जिल्हास्तरीय नगरोत्थान योजनेचे आणि नावीन्यपूर्ण योजनेचे पैसे इथून येतात. अठरा-वीस लाखांच्या कामाला मंत्रालयापर्यंत जायची गरज नसते. जिल्हाधिकारी कार्यालयातला नगरपालिका प्रशासन विभाग गाठा आणि दिवाळीच्या आसपास प्रस्ताव त्यांच्या टेबलावर ठेवा, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा थंडीतच जमतो. मार्च महिन्यात ‘निधी परत जातोय, काही प्रस्ताव आहे का’ अशी विचारणाही होते. तेव्हा ज्याची फाइल तयार, त्याचं काम होतं. मार्चच्या घाईवर विसंबून राहणं वाईट, पण त्या घाईसाठी तयार असणं शहाणपणाचं.

आमदार आणि खासदार निधीतून टाकी, पाइपलाइन अशी टिकाऊ कामं होतात, देखभाल होत नाही. खासदारांना वर्षाला ५ कोटी असतात आणि त्यात अख्खा मतदारसंघ बसवायचा असतो. म्हणून पूर्ण योजना मागू नका, एखादा सुटा तुकडा मागा. ‘पन्नास हजार लिटरची टाकी’ अशा कामाला लवकर होकार मिळतो. फलकावर नाव लावायला टाकीसारखी जागा नाही, हेही खरं.

जवळ एमआयडीसी किंवा खासगी साखर कारखाना असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि नैसर्गिक संसाधनांचं जतन त्या यादीत आहे. कंपनीकडून रोख मागण्यापेक्षा काम करून घ्या. पंपघर त्यांनी बांधून द्यावं, तीन वर्षं सांभाळावं आणि मग नगरपंचायतीकडे सोपवावं. देखभालीचा पैसा बाहेरून मिळण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे, म्हणून सामंजस्य करारात ती तीन वर्षं स्पष्ट लिहून घ्या.

माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. पंचतत्त्वांवर गुण मिळतात आणि वरच्या क्रमांकांना बक्षीस रक्कम मिळते. बक्षिसावर अंदाजपत्रक उभं करू नये. पण जलसंधारणाचे गुण या योजनेने वाढतात, तेव्हा नोंद करायला विसरू नका.

सौर पंपाबद्दल एक खुलासा, कारण प्रत्येक सभेत कोणीतरी कुसुम योजनेचं नाव काढतं. ती शेतकऱ्यांसाठी आहे, नगरपंचायतीच्या बागेसाठी नाही. सौर पंप बसवायचा तर दुसऱ्या निधीतून बसवा. आणि वर पाहिलं तसं, वीज हा मोठा खर्च नसेल तर सौरवरचा पैसा वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. कर्जाचा विचारही एवढ्या कामासाठी करू नये.

पाचवी पायरी: फाइल

निधी नाकारला जातो तो बहुधा कागदावरून. आधी जागा. बाग ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक नगरपंचायतीच्या नावावर आहे का? ले-आउटमधली खुली जागा बऱ्याचदा कागदोपत्री अजून जुन्या मालकाच्याच नावावर असते. विहीर देवस्थानची किंवा खासगी असेल तर नोंदणीकृत करार हवा, तोंडी ‘घ्या की पाणी’ चालत नाही. सुगीत दिलेला शब्द दुष्काळात फिरतो.

त्यानंतर सर्वसाधारण सभेचा ठराव. ठरावात तीन वाक्यं असलीच पाहिजेत: कामाला मंजुरी, नगरपंचायतीचा हिस्सा भरण्याची हमी, आणि देखभाल-दुरुस्तीसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद करण्याची हमी. तिसरं वाक्य नसलेले ठराव मी पुष्कळ पाहिले आहेत. सही करणाऱ्यांना ते वाक्य नसलेलंच सोयीचं वाटतं, म्हणून मसुदा तुम्ही स्वतः लिहा.

अंदाजपत्रक चालू सरकारी दरसूचीवरूनच करा, जीएसटीसह. मागच्या वर्षीच्या दरांनी केलेलं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला गेलं की परत येतं आणि दोन महिने जातात. तांत्रिक मान्यता रकमेप्रमाणे सक्षम अभियंत्याकडून, गरज पडली तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून. नंतर प्रशासकीय मान्यता. सोबत उपसा चाचणीचा अहवाल, पाणी तपासणी, गुगल नकाशावर आखलेली पाइपची रेघ, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता ओलांडायचा असेल तर त्यांची परवानगी. आणि एक छोटा दाखला: ‘हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही.’ दोन योजनांतून एकाच टाकीला पैसे घेतल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला तर वसुली थेट माणसांवर येते. अनेक निधी एकत्र करायचे असतील तर कामाचे तुकडे आधीच वेगळे पाडा. विहीर एकाची, पाइप दुसऱ्याचा, बागेतला ठिबक वृक्ष निधीचा. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, मोजमाप पुस्तिका वेगळी.

सहावी पायरी: निविदेत काय घालायचं

मोठा पंप, मोठी टाकी यांचा मोह टाळा. पैसा घाला तो चार गोष्टींत: चांगला फिल्टर, चांगलं पॅनेल, मीटर आणि सुटे व्हॉल्व्ह. कच्च्या पाण्यात शेवाळ आणि गाळ असतोच. विहिरीच्या पाण्याला जाळीचा किंवा डिस्क फिल्टर, कॅनॉलच्या पाण्याला आधी वाळूचा फिल्टर. तो वगळून ठिबक टाकली तर एका हंगामात सगळी छिद्रं बुजतात, आणि मग ‘ठिबक चालत नाही’ असा शेरा कायमचा चिकटतो.

मीटरबद्दल परदेशातलं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात अनेक छोट्या शहरांत हिरवळीसाठी न शुद्ध केलेल्या पाण्याची वेगळी वाहिनी असते. वर्षानुवर्षं ती बहुतांशी बिनमीटरची होती. शेवटी २०२२ मध्ये तिथे कायदा करून मीटर सक्तीचे केले आणि जमिनीखाली गाडलेल्या जाळ्यावर मागाहून मीटर बसवण्याचा मोठा खर्च अंगावर आला. तुमच्याकडे तीनच बागा आहेत. तीन मीटर पहिल्याच दिवशी बसवा.

सुरक्षेत तडजोड नको. ही वाहिनी पिण्याच्या वाहिनीला कुठेही, तात्पुरतीसुद्धा, जोडायची नाही. ‘विहीर आटली तर इकडून थोडं घेऊ’ म्हणून ठेवलेला एक व्हॉल्व्ह अख्ख्या पेठेला जुलाब लावू शकतो. तसं पाणी घ्यायचंच असेल तर पिण्याचं पाणी वरून मोकळं टाकीत पडलं पाहिजे, नळाचं तोंड आणि टाकीतली पातळी यांत हवेची फट राहिली पाहिजे. पाइपाला जांभळा पट्टा घ्या. पुनर्वापराच्या पाण्यासाठी तो रंग अनेक देशांत रूढ आहे. बागेतल्या तोट्या हाताने फिरवता येणार नाहीत अशा चावीच्या ठेवा, ‘हे पाणी पिण्याचं नाही’ असा मराठी फलक मुलांच्या उंचीवर लावा, आणि मुलं खेळतात त्या हिरवळीवर तुषार पहाटे बाग बंद असतानाच चालवा.

तीन वर्षांची देखभाल निविदेतच धरा आणि अनामत रकमेचा एक भाग ती पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवा. पंपाचा ब्रँड ठरवताना त्याचा दुरुस्तीवाला तालुक्यात आहे का, एवढंच बघा.

सातवी पायरी: पहिलं वर्ष

काम पुरं झालं की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि छायाचित्रं महिन्याभरात पाठवून द्या. पुढचा हप्ता किंवा पुढची योजना त्यावर अडते. पंपघरात एक वही ठेवा: तारीख, चालू-बंदची वेळ, मीटरचा आकडा, विहिरीतली पातळी. माळ्याला ते ओझं वाटतं, म्हणून चारच रकाने, पाचवा नको.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जातो, त्याआधी या वहीवरून पुढच्या वर्षाचा आकडा काढा आणि ‘उद्यान कच्चे पाणी योजना: देखभाल व वीज’ असं स्वतंत्र उपशीर्ष मागा. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या वीजबिलात हे बिल मिसळू देऊ नका. मिसळलं की बचत कुठे दिसत नाही, आणि थकबाकी झाली तर बागेची जोडणी सगळ्यात आधी तुटते. टँकर-पॉइंट चालवत असाल तर त्याचं उत्पन्न याच उपशीर्षासमोर दाखवा आणि दर ठरवणारा ठराव दोन वर्षांनी पुन्हा सभेपुढे आणा. मेअखेरीस विहिरीची पातळी मागच्या वर्षापेक्षा खाली गेली असेल तर विक्री आधी थांबवायची, मग हिरवळ, आणि झाडांचं पाणी सगळ्यात शेवटी. हा क्रम त्याच ठरावात लिहून ठेवा, म्हणजे ऐन टंचाईत त्यावर सभा बोलवावी लागत नाही.